मादी फायटर एकत्र ठेवायच्या असतील तर

माशांच्या दुकानात फायटरचे नर एकेका ग्लासात किंवा पिशवीत असतात आणि माद्या मात्र एकाच टाकीत वीस-पंचवीस. ते बघून साहजिकच वाटतं, की भांडतात ते नर, माद्या एकत्र ठेवायला काय हरकत आहे? दुकानातल्या टाकीत त्या खरंच शांत असतात, पण त्याची कारणं वेगळी आहेत. त्या वयाने लहान असतात, जागा नवी असते, गर्दी इतकी असते की कुणा एकीला कोपरा धरून बसता येत नाही, आणि दोन-चार दिवसांनी त्यातल्या काही विकल्या जाऊन मंडळी बदलत राहते. त्यातल्याच पाच जणी घरी आणून छान मोकळ्या टाकीत सोडल्या की आठवड्या-दोन आठवड्यांत कुणाचं शेपूट फाटलेलं दिसतं, कुणी फिल्टरमागे दडून बसते, आणि एक जण मात्र सगळ्या टाकीची मालकीण झालेली असते.

माद्यांची एकत्र टाकी, हौशी लोक तिला सोरोरिटी म्हणतात, नीट चालू शकते. त्यासाठी दोन गोष्टींची तयारी मासे आणण्याआधी हवी. प्रत्येक मादीला दुसरीच्या नजरेआड जाता आलं पाहिजे, आणि टाकीत नाहीच जमलं तर तिच्यासाठी बाहेर वेगळी जागा तयार असली पाहिजे. पुढे जे काही लिहिलं आहे ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

मुळात त्या भांडतात का

फायटर, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, हा थायलंडच्या मध्य भागातला मासा. भातखाचरं, पाणथळ, झाडोऱ्याने भरलेली उथळ डबकी ही त्याची जागा. तिकडे त्याला ‘प्ला कट’ म्हणतात आणि २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. माणसाने तो झुंजींसाठी शेकडो वर्षं पाळला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तर किमान हजार वर्षं. झुंजार नर निवडून त्यांची पैदास करत गेलं की ती रग फक्त मुलग्यांत उतरते असं होत नाही, मुलींतही येते.

भातखाचरात दोन माद्या समोरासमोर आल्या तर त्याही कल्ले फुगवतात, एखादा चावा घेतात. मग एक माघार घेते, वळते आणि क्षणात गवतात दिसेनाशी होते. भांडण संपलं. काचेच्या टाकीत हरलेली मादी वळते, हातभर पोहते आणि काचेला थडकून परत समोर येते. जिंकलेलीच्या दृष्टीने ती अजून गेलेलीच नाही, मग पुन्हा हल्ला. टाकीतल्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

हे वाचूनही उत्साह टिकून असेल तर पुढे चला. पण मासे पाळण्याचा अनुभव नसेल तर ही पहिली टाकी म्हणून करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. दोन फुटी टाकीत एकच मादी, सोबत रासबोरासारखे आठ-दहा छोटे मासे आणि तळाला राहणारे चार-सहा कोरी मासे, ही मांडणी दिसायला तितकीच सुंदर आणि जिवाला घोर न लावणारी आहे. मादी फायटर एकटी कंटाळते वगैरे समजुतीत तथ्य नाही. तिला सोबतीची गरज नसते. एकत्र टाकी आपल्या हौसेसाठी असते, म्हणून तिची जबाबदारीही पुरती आपल्यावर येते.

टाकी किती मोठी

आपल्याकडे टाक्या फुटांत मिळतात, म्हणून फुटांतच सांगते. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. दोन बाय एक बाय एकची टाकी ५६ लिटरची. पाच-सहा माद्यांसाठी ती अपुरी आहे. अडीच फुटी, म्हणजे ७० लिटर, ही मला किमान वाटते, आणि त्यात पाच. तीन बाय एक बाय एक, म्हणजे ८५ लिटर, ही खरी सोयीची. त्यात सहा ते आठ माद्या राहतात. उंच टाकीपेक्षा लांब टाकी घ्या. फायटर वरच्या थरात राहणारा मासा आहे, कल्ल्यांखेरीज डोक्यातल्या एका खास अवयवाने तो थेट हवेतूनही श्वास घेतो आणि त्यासाठी सारखा वर येतो. खोल पाण्याचा त्याला फायदा नाही, लांबीचा मात्र पळायला उपयोग होतो.

दोन किंवा तीन माद्या तर कधीच ठेवू नका. दोघींत एक मारणारी आणि एक मार खाणारी ठरून जाते. तिघींत दोघींची जुळते आणि तिसरी भरडली जाते. पाच-सहा असल्या की दादागिरी वाटली जाते, एकीवरच सगळं येत नाही.

तीन फुटी टाकी भरली की पाणी, काच, रेती मिळून वजन सहज शंभर किलोच्या पुढे जातं. टीव्हीचं कपाट किंवा भिंतीतली फळी हे पेलणार नाही. लोखंडी स्टँड करून घ्या आणि टाकीखाली थर्माकोल घालायला विसरू नका. झाकण हवंच, कारण पाठलाग झाला की माद्या उडी मारतात. झाकण आणि पाणी यांत दीड-दोन इंच हवा राहू द्या.

फिल्टर म्हणून स्पंज फिल्टर सगळ्यात बरा. प्रवाह संथ, स्वस्त, आणि लपायला आडोसाही होतो. तीन फुटी टाकीत दोन टोकांना दोन लावा. टाकीच्या काठावर अडकवायचा हँग-ऑन फिल्टर असेल तर त्याच्या धारेखाली स्पंजचा तुकडा अडकवून जोर मोडा.

याच यादीत, टाकीच्या खर्चातच, आणखी एक खर्च धरा: जितक्या माद्या तितक्या चार-पाच लिटरच्या बरण्या किंवा छोट्या टाक्या, झाकणासकट. बरण्या लागतील तेव्हा आणू, असं म्हणून चालत नाही. भांडण रविवारी रात्री अकराला होतं आणि तेव्हा दुकान बंद असतं. सहा जणींना वेगळं ठेवण्याइतकी जागा घरात नसेल, तर सहा जणी आणू नका.

पाणी तयार करणं

नवीन टाकीत पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, असं इथे अजिबात चालणार नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी माशांविना चालू ठेवा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया देतं. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात पिळून ते गढूळ पाणी आणा आणि आपल्या टाकीत ओता, काम बरंच लवकर होतं. पाणी तपासायचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. अमोनियाने कल्ले जळजळणाऱ्या माशाला सहनशक्ती नसते, त्यामुळे खराब पाण्यात भांडणंही वाढतात आणि जखमाही भरत नाहीत.

नळाच्या पाण्यातलं क्लोरिन अँटी-क्लोरिनच्या थेंबांनी मारा. पावसाळ्यात पालिका क्लोरिन वाढवते, तेव्हा अंदाजाने न घालता बाटलीवरचं प्रमाण बघून घाला. धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं आणि फायटरला मानवतं. बोअरचं पाणी जड असेल तर अर्धं आरओचं मिसळा. तापमान २५ ते २८ अंश, पीएच साडेसहा ते साडेसातच्या आसपास. पीएच अमुकच असावा म्हणून औषधं ओतत बसण्यापेक्षा तो स्थिर राहणं जास्त महत्त्वाचं.

झाडं आणि आडोसे

माझ्या मते निम्मं यश या टप्प्यावर ठरतं, म्हणून इथे वेळ घालवा.

टाकीचे लांबीत तीन भाग कल्पा. दोन भागांच्या सीमेवर मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत, तळापासून पृष्ठभागापर्यंत झाडांची दाट भिंत उभी करायची. मागे व्हॅलिस्नेरिया, मध्ये हायड्रिला किंवा वॉटर स्प्राइट, खाली लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. वर तरंगायला साल्विनिया किंवा फ्रॉगबिट, म्हणजे मुळ्यांचे पडदे खाली लोंबतात. साल्विनिया आठवड्यात टाकी व्यापतं, ते उपसत राहावं लागतं.

सगळं लावून झालं की टाकीच्या एका अरुंद बाजूला बसा, डोळे पाण्याच्या पातळीला आणा आणि लांबीच्या दिशेने बघा. पलीकडची काच दिसते? मग झाडं कमी आहेत. अजून लावा आणि पुन्हा बघा. पृष्ठभागाजवळ बघा, मध्यावर बघा, तळाशी बघा. आरपार काही दिसेनासं झालं की मासे आणायचा विचार करा. समोरून टाकी थोडी गचपण वाटेल, वाटू द्या.

लपायच्या जागेला दोन तोंडं हवीत. नारळाची करवंटी उत्तम. उकळून, किशी काढून घ्या आणि दोन बाजूंना भोकं पाडा. एकाच तोंडाच्या करवंटीत शिरलेली मादी पळायला जागा न राहिल्याने आतच अडकते आणि दारात दुसरी उभी. मातीची कुंडी वापरायची तर बूड फोडलेली. पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे दिसायला खास नसले तरी शेवाळ धरलं की खपून जातात. फायटर पृष्ठभागाजवळच्या रुंद पानावर टेकून झोपतो, म्हणून अशी पानं माद्यांच्या संख्येपेक्षा दोन-तीन जास्तच असू द्या. झोपायच्या पानावरून होणारे तंटे मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्लास्टिकची झाडं शक्यतो टाळा. लावायचीच असतील तर आधी जुना नायलॉनचा मोजा त्यांच्यावरून फिरवा. मोजा अडकला तर पर फाटणार. तळ्यातून आणलेली झाडं पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन लावा, नाहीतर सोबत जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात. चतुराची अळी लहान मासा सहज मारते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फुकट मिळते. देशी बदामाची झाडं मुंबईत आणि कोकणपट्टीत रस्तोरस्ती आहेत. त्यांची आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली तपकिरी पानं गोळा करा, जिथे फवारणी किंवा गाड्यांचा धूर फार नाही अशा जागची. धुऊन, चाळीस लिटरला एक मोठं पान टाका. पाण्याला चहासारखा हलका रंग येतो, पीएच किंचित उतरतो आणि मासे शांत राहतात. रंगामुळे त्यांना लांबचं दिसणंही कमी होतं. तीन-चार आठवड्यांत पानाची जाळी उरली की बदला.

मासे निवडणं

चेन्नईचं कोलथूर हे शोभेच्या माशांच्या पैदाशीचं मोठं केंद्र आहे. तिथून आणि कोलकात्याहून फायटर देशभर जातात. पैदास करणारे नर वेगळे काढतात आणि माद्या एकत्रच वाढवतात. म्हणून दुकानात ज्या माद्या एकाच टाकीत आहेत, एकाच खेपेत आल्या आहेत आणि आकाराने सारख्या आहेत, त्याच घ्या. एकाच पिल्लावळीतल्या बहिणी मिळाल्या तर उत्तम. तीन-चार महिन्यांच्या, दीड इंचाच्या आसपासच्या. खूप दिवस एकेकट्या ग्लासात राहिलेली मादी कितीही सुंदर असली तरी नको. तिला दुसरा मासा दिसण्याची सवयच राहिलेली नसते. जायंट, म्हणजे मोठ्या आकाराच्या जातीची, आणि साधी अशी जोडीही नको.

मादीच आहे याची खात्री स्वतः करा. आखूड परांचे प्लाकट जातीचे नर मादी म्हणून सर्रास विकले जातात, दुकानदारालाही प्रत्येक वेळी ओळखू येतं असं नाही. पोटाच्या खाली, पुढच्या दोन बारीक लोंबत्या परांच्या मागे, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो का बघा. हा अंडनलिकेचा ठिपका. मात्र कोवळ्या नरांतही असा ठिपका दिसू शकतो, तेवढ्यावर थांबू नका. मासा पारदर्शक ग्लासात घेऊन मागून मोबाईलचा टॉर्च मारा. फिकट रंगाची मादी असेल तर पोटाच्या पोकळीमागे, शेपटीकडे निमुळता होत जाणारा पिवळसर त्रिकोण दिसतो, तो अंडाशय. गडद रंगाच्या माशात हे दिसत नाही. तिथे आरसा दाखवा. कल्ले फुगवले की खालून बाहेर येणारी ‘दाढी’ नराची मोठी आणि ठळक असते, मादीची जेमतेम.

ठरवलेल्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त आणा. सगळ्याच टिकतील असं नाही.

पंधरा-वीस दिवस वेगळ्या

घरी आणल्यावर प्रत्येकीला स्वतंत्र बरणीत ठेवा. दोन-तीन आठवडे. यात दोन कामं होतात. एक, आजार उघडे पडतात: पांढरे ठिपके, अंगावर सोनेरी भुकटी मारल्यासारखी दिसणारी व्हेल्वेट, तोंडाभोवती कापसासारखी वाढ. दुसरं काम स्वभाव ओळखण्याचं. बरण्या शेजारी-शेजारी ठेवून मध्ये पुठ्ठे उभे करा. पहिला आठवडा गेला की दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं पुठ्ठे काढा आणि समोर बसून बघा.

बहुतेक जणी आधी कल्ले फुगवतात, शेपूट हलवतात, मग कंटाळून दुसरीकडे वळतात. एखादी मात्र थांबतच नाही. काचेला नाक लावून तीच तीच धडक, खाणं टाकलं तरी लक्ष नाही, पुठ्ठा लावल्यावरही फेऱ्या चालूच. आठवडाभर असंच चाललं तर तिला टाकीत सोडायचंच नाही. ती एकटी छान राहील. रंग आवडला म्हणून हिला घातली की सगळी टाकी जाते.

बरण्यांचं पाणी रोज निम्मं बदला. थंडीचे दिवस असतील तर सगळ्या बरण्या एका टबात पाण्यात उभ्या करून टबात हीटर लावा.

सोडायचा दिवस

लागोपाठ दोन दिवस घरी असाल असा दिवस निवडा. शनिवारी सकाळी सोडलं की रविवारही हाताशी राहतो. गणपतीला किंवा सुट्टीत गावी जायचं असेल तर त्याच्या महिनाभर आधीपासून हा उद्योग नको.

टाकीचा दिवा बंद ठेवा, खोलीतला उजेड पुरे. बरण्या टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी बरणीत घाला. सगळ्यात बुजरी आधी सोडा, तिला जागा बघायला दहा मिनिटं द्या, मग पुढची. सगळ्यात आक्रमक शेवटी. सगळ्या जणी तासाभरात आत गेल्या पाहिजेत. आज दोन, उद्या दोन असं केलं तर आधीच्या जणी टाकी वाटून घेतात आणि नंतर येणारी घुसखोर ठरते.

जाळी आणि टाकीच्याच पाण्याने भरलेली एक बरणी हाताशी ठेवून समोर बसा.

आता जे दिसेल ते थोडं बारकाईने सांगते, कारण नेमकं इथेच लोक एकतर घाबरून लगेच सगळ्यांना बाहेर काढतात, नाहीतर ‘जुळवून घेतील’ म्हणून दुर्लक्ष करतात. दोन माद्या समोरासमोर येतात. दोघींचे कल्ले उघडतात, पर ताठ होतात, मग त्या बाजू दाखवत एकमेकींच्या समांतर उभ्या राहतात आणि शेपटीने पाण्याचा झोत एकमेकींवर मारतात. रंग गडद होतो. काही सेकंदांनी एकीचे पर मिटतात, ती अंग किंचित तिरपं करून वळते, दुसरी दोन-तीन सेकंद मागे लागते आणि पहिली झाडीत गेल्यावर थांबते, परत फिरते. हे चांगलं चाललं आहे. पहिल्या दिवशी हे वारंवार होईल, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कमी होत जाईल. परांच्या कडेला एखादी बारीक चीर पडली तरी घाबरू नका, आठवड्यात भरते.

वाईट लक्षण वेगळं असतं. पळालेली मादी झाडीत गेल्यावरही दुसरी थांबत नाही, आत शिरून शोधते. एकच मादी सगळ्यांचा मार खाते. अंगावरचे खवले उडालेले, शेपटीचा तुकडाच नाहीसा. किंवा दोघी एकमेकींचं तोंड पकडून गुंततात आणि तशाच तळाकडे जातात. हे दिसलं तर पुढचं काही न बघता जाळी घाला.

बाहेर कुणाला काढायचं? शक्यतो मारणारीला. मार खाणारी काढली की मारणारी पुढचं गिऱ्हाईक शोधते. जखमी मादी मात्र उपचारांसाठी काढावीच लागते. मारणारीला तीन-चार दिवस बरणीत ठेवा. तेवढ्यात टाकीतली लाकडं, करवंट्या, शक्य तेवढी झाडं इकडची तिकडे करा, आणि मग तिला सगळ्यांच्या शेवटी परत सोडा. जागा ओळखीची न राहिल्याने तिचा हक्कही पुसला जातो. दुसऱ्यांदाही तेच झालं तर तिसरा प्रयोग करू नका. ती एकटीच राहणार.

पहिले काही आठवडे

सकाळी उठल्याबरोबर माद्या मोजा. सगळ्या दिसल्याशिवाय दुसरं काही करू नका. दिसत नसलेली मादी फिल्टरमागे, करवंटीत किंवा टाकीबाहेर जमिनीवर असू शकते. रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने एकदा टॉर्चने बघा. काही जणी अंधार पडता पडता जागेसाठी भांडतात.

अंगावरच्या पट्ट्या वाचायला शिका. आडव्या, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या गडद पट्ट्या बहुधा भीती किंवा ताण सांगतात. उभ्या पट्ट्या, फुगलेलं पोट आणि ठळक पांढरा ठिपका म्हणजे ती अंड्यांवर आली आहे. नर नसतानाही हे होतं, कधी ती अंडी टाकते आणि स्वतःच खाऊन टाकते. त्यात काळजीचं काही नाही. आडव्या पट्ट्या दोन-तीन दिवस जात नसतील, पर अंगाला चिकटलेले असतील, खाण्यासाठी ती वर येत नसेल, तर चावा दिसला नाही तरी तिला बाहेर काढा. ताणाखालचा मासा जखमेपेक्षा आजाराने जास्त मरतो. कॉलम्नॅरिससारखा जिवाणू एकीला लागला की दोन दिवसांत टाकीभर पसरू शकतो.

टाकीची राणी कोण होईल याचा अंदाज आकारावरून बांधू नका. पुष्कळदा मध्यम आकाराची, फारशी गडबड न करणारी मादी वर जाते आणि ती असली की बाकीच्या शांत राहतात. अशी राणी चुकून काढली तर खालच्या सगळ्या जणींत नव्याने भांडणं लागतात.

खाणं

भांडणाचं दुसरं मोठं कारण खाणं. एकाच कोपऱ्यात टाकलं तर एकच मादी तो कोपरा राखते. दोन हातांनी, एकाच वेळी, दोन टोकांना टाका. दिवसातून दोनदा, एकेका वेळी प्रत्येकीला तीन-चार बारीक दाणे. मागे राहणारीला ड्रॉपरने तिच्या झाडीजवळ पोचवा. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म किंवा डाफ्निया (हे पाण्यातले बारीक जीव माशांचं खाणं म्हणून मिळतात), आणि एक दिवस उपास. ट्यूबिफेक्स नावाचे जिवंत बारीक किडे मी देत नाही. ते गटाराच्या घाणीत वाढतात आणि सोबत रोग आणतात.

सोबतीला इतर मासे घालायचे असतील तर ते आधीपासून टाकीत असू द्या. एम्बर टेट्रा, रासबोरा, कुहली लोच, कोरी चालतात. समोरून निवांत फिरणारे छोटे मासे असले की माद्यांचं लक्षही विभागलं जातं. टायगर बार्ब पर कुरतडतात, गुरामी फायटरचेच नातलग असल्याने जुळत नाही, लांब शेपटीचे गप्पी चावे खातात. कोळंबी म्हणजे माद्यांसाठी खाऊ.

देखभाल आणि आपली हवा

दर आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणी बदला. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली धरू नका, क्लोरिनने जिवाणू मरतात. झाडं छाटताना एका दिवसात सगळी भिंत उतरवू नका. आडोसा अचानक गेला की मिटलेली भांडणं उकरून निघतात. आज डावी बाजू, पुढच्या आठवड्यात उजवी.

पुणे, नाशिक, महाबळेश्वरच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत खोलीतलं पाणी २० अंशांच्या खाली जातं, तिथे १०० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लागतोच. मुंबई-कोकणात बहुतेक वर्षं त्याशिवाय भागतं. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा: मे महिन्यात पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की माद्या चिडखोर होतात. जाळीचं झाकण लावून पाण्यावरून छोटा पंखा फिरवा, दोन-तीन अंश उतरतात. उडालेलं पाणी रोज भरा. वीज गेली तर फायटर हवेतून श्वास घेऊन तगतो, पण फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

फाटलेल्या परांसाठी बरणीत, टाकीत नव्हे, चार लिटरला एक सपाट चहाचा चमचा खडे मीठ विरघळवून घाला. रोज पाणी बदलायचं, तेवढंच मीठ नव्या पाण्यात घालायचं, आठ-दहा दिवसांच्या पुढे जायचं नाही. परांची कड काळी किंवा लालसर होऊन आत सरकत असेल तर ती सड आहे. दुकानातलं जिवाणूविरोधी औषध बाटलीवरच्या प्रमाणात द्या.

टाकी मोडायची वेळ

सहा महिने गुण्यागोविंदाने राहिलेल्या माद्या एका रात्रीत एकमेकींवर उठल्याची उदाहरणं भरपूर आहेत. वय वाढतं, एखादी मरते, झाडं मरगळतात, आणि घडी विस्कटते. बरण्या माळ्यावर टाकू नका.

फायटर दोन ते चार वर्षं जगतो, त्यामुळे संख्या कधी ना कधी कमी होणारच. एक मादी गेली म्हणून बाजारातून एक नवी आणून सोडणं हा सगळ्यात घातक मोह. एकट्या नवखीवर पाच जणी तुटून पडतात. भर घालायचीच असेल तर किमान दोघी-तिघी एकदम, तीन आठवडे वेगळ्या ठेवून, टाकीची पूर्ण मांडणी बदलून. मी तेही करत नाही. पाच उरल्या तर पाच, चार उरल्या तर चार, आणि रोज नजर जास्त. तीनवर संख्या आली की काच किंवा जाळीचे दोन उभे पडदे घालून त्याच टाकीत तिघींची वेगळी घरं करते. प्रत्येक भागाला स्पंज, दोन करवंट्या, पृष्ठभागाजवळ एक रुंद पान आणि मधल्या काचेला दोन्ही बाजूंनी जावा मॉस बांधलेली जाळी, म्हणजे एकमेकी दिसत नाहीत. नको झालेल्या माद्या तलावात किंवा नदीत मात्र सोडू नका. हा आपल्याकडचा मासा नाही. घ्यायला तयार असलेला हौशी पाळणारा शोधा, किंवा दुकानदाराला फुकट परत द्या. बहुतेक दुकानदार सुदृढ मादी घेतात.